शून्याच्या खाली गेलेला काटा

आमच्या गल्लीत पाणी सुटतं रात्री तीन-साडेतीनला. चार-पाच दिवसांनी पाळी येते, त्यामुळे त्या रात्री कुणाला गजर लावावा लागत नाही. चावीवाल्याच्या मोटारसायकलचा आवाज आला की अख्खी गल्ली जागी. आधी नळातून नुसती हवा फुसफुसते, मग दोन-चार गचके देऊन पाणी येतं आणि पाच मिनिटांत एकेका घरातून मोटारी घुमायला लागतात. नळाला थेट मोटार लावायची नाही, हा नियम गल्लीत सगळ्यांना पाठ आहे. मोटारही सगळ्यांकडे आहे. माझी अर्ध्या एचपीची आहे.

गेल्या उन्हाळ्यात मला एक खोडी सुचली. एसी दुरुस्त करणाऱ्या मित्राचा निळा गेज मी मागून आणला. साध्या प्रेशर गेजचा काटा शून्यावर जाऊन टेकतो. एसीवाल्यांच्या या गेजला शून्याच्या खालीही आकडे असतात, कारण गॅस भरण्याआधी त्यांना पाइपातली हवा ओढून काढावी लागते. त्याच्या बारीक तोंडाला आणि आमच्या अर्धा इंची नळाला जुळणारा अडॅप्टर शोधण्यात एक रविवार गेला. गेजमध्ये पाणी गेल्यावर तो परत एसीला लावता येत नाही, हे मला माहीत नव्हतं. मित्र म्हणाला, "आता राहू दे तुलाच. बायकोला सांग, दागिना केलाय म्हणून."

पाणी आलं तेव्हा काटा सहा पीएसआयवर गेला. पीएसआय हे दाब मोजायचं एकक. माझी मोटार बंद होती. समोरच्या घरातली सुरू झाली, काटा चारवर आला. मग कोपऱ्यावरची, मग आणखी कुठली तरी. काटा दोनवर, एकावर. शेवटी आमच्या डोक्यावर राहणाऱ्या अण्णांची मोटार लागली आणि काटा थरथरत शून्य ओलांडून खाली उतरला. गेज काढून नळाच्या तोंडाला तळहात लावून पाहिला, तर हात आत ओढला गेला. नळ पाणी देत नव्हता, घेत होता.

आता याचा अर्थ बघा. पाइपात दाब असतो तेव्हा जुन्या सांध्यातून पाणी बाहेर गळतं. त्यात नासाडी होते, पण घाण आत येत नाही. पाइपातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी झाला की तोच सांधा उलटा चालतो आणि शेजारी जे असेल ते आत ओढतो. आमच्या गल्लीत शेजारी गटार आहे. पहिलं पाणी वास मारतं म्हणून दोन बादल्या सोडून द्यायच्या, ही आमच्या आईची शिस्त. घरोघरी तीच आहे. तो वास कुठून येतो हे मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, एका उसन्या गेजवर कळलं. मोटार लावू नका, लावली तर जप्त करू, एवढंच आम्ही आजवर ऐकत आलो. तुमची मोटार शेजारच्याच्या पिण्याच्या पाण्यात गटार ओढते, असं कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही. जप्तीची भीती दोन दिवस टिकते. पोराच्या पोटात गटार जातंय, हे कळलं तर माणूस निदान मोटार लावताना दोनदा थबकेल.

इथपर्यंत सगळे मान डोलावतात. माझा मुद्दा याच्या पुढचा आहे.

केंद्र सरकारची पाणीपुरवठ्याच्या रचनेसाठी एक जाडजूड मार्गदर्शक पुस्तिका आहे. तिची १९९९ ची आवृत्ती २०२४ पर्यंत चालत होती. एकमजली घरांसाठी वाहिनीच्या टोकाला किमान ७ मीटर, दुमजलीसाठी १२ आणि तीनमजलीसाठी १७ मीटर दाब, म्हणजे पाणी आपल्या जोरावर तेवढं वर चढेल इतका दाब, उरेल असा आराखडा करावा, असं त्या आवृत्तीत लिहिलं होतं. ७ मीटर म्हणजे माझ्या गेजवर जवळजवळ १० पीएसआय. म्हणजे एकही मोटार लागलेली नसताना आमच्याकडे सहा होता. नियम मी मोडतोय आणि मोटारीशिवाय पाणी वर चढणारही नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. पण माझा नियम पाटीवर लिहितात आणि समोरच्या बाजूचा आकडा पुस्तिकेत राहतो. उजनी धरणातून सोलापूरला शंभरेक किलोमीटर पाणी आणायचं तर त्यात अडचणी असणारच, हे मला कळतं. आकडा का लपवायचा, हे मात्र कळत नाही.

हा आकडा घेऊन मी एका कार्यालयात गेलो. खिडकीतल्या साहेबांनी मोबाइलमधला फोटो शांतपणे पाहिला, मोठा करून पाहिला आणि विचारलं, "हे मीटर सर्टिफाइड आहे का?" नव्हतं. विषय संपला.

साहेबांचं चुकलं, असं मी म्हणणार नाही. हौशी माणसाच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये, हे मी स्वतःच्या घरात शिकलोय. गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत मी अल्ट्रासॉनिक सेन्सर बसवलाय. तो झाकणातून खाली आवाज सोडतो, पाण्यावर आपटून तो परत यायला किती वेळ लागला ते मोजतो आणि त्यावरून पाणी किती खोल आहे ते काढतो. तीन-चारशे रुपयांचा खेळ. हिवाळाभर झकास चालला. एप्रिलमध्ये बायको म्हणायला लागली, "तुमचं यंत्र खोटं बोलतं. पाणी आहे म्हणतं आणि नळ कोरडा." मी दोन दिवस वायरिंग तपासत बसलो. चूक वायरिंगमध्ये नव्हती, सोलापूरच्या उन्हात होती. प्रोग्राममध्ये मी आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला होता, तो वीस अंश तापमानाचा. उन्हाळ्यात टाकीतली हवा चव्वेचाळीस अंशांवर गेली की तोच वेग ३५८ च्या आसपास जातो. प्रतिध्वनी लवकर येतो, यंत्राला वाटतं पाणी जवळ आहे. मीटरभर अंतरात चार सेंटिमीटरची फसवणूक, म्हणजे तीस-पस्तीस लिटर. तीन घागरी नसलेलं पाणी मी आठवडाभर बायकोला दाखवत होतो. मग तापमानाचा सेन्सर जोडला आणि प्रोग्राममध्ये एक ओळ वाढवली. बायको अजूनही झाकण उघडून डोकावते, ते वेगळं.

तेव्हा उपकरण तपासलेलं असावं, हे मान्य. पण मग तपासून तरी द्या! भाजीवाल्या मावशींचा तराजू वजनमापे खातं तपासतं, फी घेतं, शिक्का मारतं. किलोभर वांग्यांच्या खरेपणाची आपल्याकडे अशी चोख व्यवस्था आहे. माझ्या गेजसाठी, नाहीतर डेसिबल मीटरसाठी, अशी खिडकी जिल्ह्याच्या ठिकाणी का नसावी? फी मी भरतो. वर्षातून एकदा रांगेत उभाही राहतो.

डेसिबलचं नाव सहज काढलेलं नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा. त्याच नियमांत तक्रारीची तरतूद आहे. आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा त्याहून जास्त असेल तर कुणालाही तक्रार करता येते. वाचून बरं वाटतं. जरा थांबून विचार केला की गंमत कळते. दहाने जास्त आहे, हे तक्रारदाराला कसं कळायचं? त्यानं मोजायचं. कशानं? मिरवणुकीच्या रात्री मी, माझा भाचा आणि शेजारचे काका एकाच खिडकीत तीन मोबाइल धरून उभे राहिलो होतो. एकानं ७८ दाखवले, दुसऱ्यानं ८४, तिसऱ्यानं ९१. मोबाइलचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो, भिंती हादरवणाऱ्या ढोलासाठी नव्हे. तीन आकड्यांत १३ चा फरक होता. पण तिन्ही आकडे ५५ च्या वर होते, आणि तेही रात्री! कुठला मोबाइल खरा, हे ठरवायची गरज कुठं होती?

म्हणून माझी मागणी साधी आहे. नागरिकानं मोजलेला आकडा कुणाला शिक्षा करायला पुरेसा नसावा, तपासणीला यायला मात्र पुरेसा असावा. मी आकडा, वेळ, जागा आणि फोटो दिला की ठरावीक दिवसांत कुणीतरी शिक्क्याचं यंत्र घेऊन यावं, मोजावं आणि आकडा लिहून द्यावा. माझा आकडा खोटा निघाला तर तसंही लिहून द्यावं, मी फ्रेम करून लावीन. दाखला किती दिवसांत द्यायचा याला महाराष्ट्रात २०१५ पासून कायद्याची मुदत आहे. मोजायला येण्यालाही ती लावता येईल.

यावर नेहमी एक शंका येते. असं केलं तर रिकामटेकडे लोक रोज तक्रारी करतील. करतील की. आज करत नाहीत का? आज ते आकड्याशिवाय करतात. "फार आवाज होतो साहेब" या तक्रारीचं काय करायचं, हे साहेबालाही समजत नाही. "रात्री ११ वाजून १० मिनिटांनी, अमुक चौकात, ८४" असं लिहून आलं तर निदान कुणाला कुठं पाठवायचं ते ठरतं. कोऱ्या कागदापेक्षा चुकीचा आकडाही बरा, कारण तो खोडून काढता येतो.

नियमांना शिव्या द्यायला आमच्यासारखे हौशी लोक कायम तयार असतात. त्यात मीही होतो. ओळखीतल्या एका मास्तरांनी छतावर तीन किलोवॅटची सोलर बसवली. केंद्राच्या २०२४ च्या योजनेत तेवढ्याला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, त्यामुळे मास्तर खुशीत. मे महिन्यात भर दुपारी लाइट गेली. छतावर ऊन आग ओकतंय, पॅनेल चकाकताहेत आणि खाली मास्तर वर्तमानपत्रानं वारा घेताहेत. त्यांचा मला फोन. "अरे, आपल्या घरची वीज आपल्यालाच नाही? फसवलं का काय?"

फसवलेलं नव्हतं. बॅटरी नसलेल्या, ग्रिडला जोडलेल्या सोलरचा इन्व्हर्टर बाहेरची वीज गेल्यावर दोन सेकंदांत बंद झाला पाहिजे, असा नियमच आहे. आणि इथं मी नियमाच्या बाजूनं उभा राहतो, दोन्ही पायांवर. लाइट गेलेली असते तेव्हा कुठंतरी खांबावर वायरमन चढलेला असतो. चौकातली डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, ११,००० व्होल्टचे ४०० करते, म्हणजे आपल्या घरी एका फेजवर २३० पोचतात. पण ट्रान्सफॉर्मरला पुढची बाजू आणि मागची बाजू कळत नाही. घरातून २३० उलटे पाठवले की तो इमानदारीनं त्याचे ११,००० करून खांबाकडे धाडतो. इन्व्हर्टरला चकवून चालू ठेवायचा जुगाड करून देतो, असं सांगणारा एकजण मास्तरांकडे आला होता. मी त्याला चहा पाजून परत पाठवला.

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेलं नाही. लोडशेडिंगच्या दिवसांत मंडपवाल्या चुलतभावाचा जनरेटर मी घराला जोडत असे. कसा? दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून. एक टोक जनरेटरमध्ये, दुसरं भिंतीतल्या सॉकेटमध्ये. मेन स्विच आधी बंद करायचा, एवढंच लक्षात ठेवायचं. एका संध्याकाळी ते राहिलं. जनरेटर सुरू केला, तो एकदा गुरगुरला, काळा धूर सोडला आणि बंद पडला. बिचारा सगळ्या गल्लीचे पंखे ओढायला निघाला होता. मी हसलो. आमच्या भागातल्या वायरमनला हा किस्सा गंमत म्हणून सांगितला. ते हसले नाहीत. "त्या दिवशी मी कुठं होतो, ते आठवून बघतो," एवढंच म्हणाले. ती वायर मी त्याच रात्री कापली. तिचा एक तुकडा अजून हत्यारांच्या डब्यात आहे.

मला जनरेटर जोडू नका, असं कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं. ट्रान्सफॉर्मर उलटा चालतो, असं सांगितलं असतं तर बहुधा ऐकलं असतं. डीपीवरच्या त्या पाटीकडे बघा. कवटी, दोन हाडं, 'धोका', '११,००० व्होल्ट'. कारण आणि आकडा दोन्ही एका पत्र्यावर, आणि वाचता न येणाऱ्यालाही समजेल असं. तिथं कुणी कपडे वाळत घालत नाही. महाराष्ट्रातला सगळ्यात उत्तम लिहिलेला नियम तो असावा.

चांगल्या नियमाची आणखी एक खूण मला दिसते. त्यात धोक्याची रेघ असते आणि रेघेच्या अलीकडे खेळायला अंगण असतं. २०२१ चे ड्रोन नियम घ्या. २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला पायलटचं लायसन्स लागत नाही. २०२२ पासून परदेशी तयार ड्रोन आणायला बंदी, सुट्या भागांना नाही. त्यामुळे माझ्या भाच्यानं सुटे भाग आणून स्वतःच जुळवायला घेतला. रोज संध्याकाळी तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक स्क्रू ठेवून बघतो. बॅटरीसकट २४३ ग्रॅम झाला त्या दिवशी त्यानं पेढे मागितले. सात ग्रॅमसाठी त्यानं फ्रेमला भोकं पाडली, वायरी आखूड केल्या, मोटारी बदलल्या. वर्गात वर्षभर बसून जितकं शिकला नसता तितकं त्या आकड्यानं शिकवलं. उडवायला मात्र त्याला शहराबाहेर जावं लागतं, कारण वजनाची सूट हवाई क्षेत्राला लागू नाही आणि होटगी रोडचा विमानतळ शहराला खेटून आहे. इथंही उंचीचा आकडाच राज्य करतो. २०२३ च्या जूनमध्ये साखर कारखान्याची अख्खी चिमणी त्यापायी खाली आली. तो वाद गावाला पुरून उरलाय, मी त्यात पडत नाही.

दुसरं अंगण रेडिओलहरींचं. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे ठरावीक ताकदीपर्यंत विनापरवाना मोकळा आहे. मोहोळकडे मेव्हण्याच्या विहिरीवरची मोटार चालू आहे की बंद, हे घरी कळावं म्हणून मी रेडिओलहरींवर निरोप पाठवणारी लोरा नावाची चिमुकली यंत्रं बसवली. स्वस्त मिळाली म्हणून ९१५ ची घेतली आणि पंधरा दिवस तशीच चालवली. मग कळलं की ९१५ आपल्याकडे मोकळं नाही, शेजारीच मोबाइलचा पट्टा आहे. गुपचूप ८६६ वर आणली. मला कुणी पकडलं नाही, पकडणारही नव्हतं. पण नियमात आकडा होता म्हणून मला स्वतःला पकडता आलं. आमच्या आजोबांच्या काळी घरात नुसता रेडिओ ऐकायलाही लायसन्स काढावं लागे, पोस्टात पैसे भरून. तिथून इथवर आपण आलोय, हेही विसरू नये.

हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी लोकांच्या बिनतारी संदेशांचा, मार्ग आणखी वेगळा. परीक्षा द्या, परवाना घ्या आणि मग जगाशी बोला. किल्लारीच्या भूकंपात, ३० सप्टेंबर १९९३ नंतरच्या दिवसांत, टेलिफोन मुके झाले असताना असे हौशी लोकच निरोप पोचवत होते. त्या पहाटे आमच्याही घरातली भांडी खणखणली होती.

सोलापूरला खरं तर हे शिकवायला नको. यंत्रमागाच्या शेडमध्ये गेलात तर जॉबर भेटेल. डिग्री नाही, मॅन्युअल नाही. खटखटाटात कान लावून कुठल्या मागाचा कुठला भाग झिजलाय ते सांगतो आणि संध्याकाळपर्यंत माग चालू करतो. चादरीवरची नक्षी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवरून विणणारी जेकार्डची युक्ती फ्रान्समधली, १८०४ ची. कॉम्प्युटरचं नाव नव्हतं तेव्हाचा हा प्रोग्राम या गावातल्या कमी शिकलेल्या माणसांनी हातानं सांभाळलाय. पण त्याच जॉबरला विचारा, शेडमधला आवाज किती डेसिबल? कारखान्यांच्या नियमांत आठ तासांना ९० ही मर्यादा आहे. त्याला तो आकडा कुणी सांगितलेला नाही. तीस वर्षांनी तो घरी टीव्हीचा आवाज वाढवत बसतो आणि घरचे म्हणतात, वय झालं.

गेज अजून आमच्या नळावर आहे. एसीला लागणार नाही, तर नळाला लागू दे म्हणून टी टाकून पक्का बसवला. वरच्या अण्णांची नात पाणी सुटलं की टॉर्च घेऊन येते आणि आकडा वहीत लिहिते. तारीख, वेळ, काटा. बावीस पाळ्यांची नोंद झालीय, दहा एकदाही आलेला नाही. अण्णांना मी गटाराचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं आणि म्हणाले, "तू बंद ठेव, मग मी पण ठेवतो." दोन पाळ्या आम्ही दोघांनी ठेवल्या. गल्लीतल्या बाकीच्यांनी नाही ठेवल्या. तिसऱ्या पाळीला टाकी कोरडी होती.

परवा पाणी सुटलं तेव्हा काटा पाचवर होता. नातीनं लिहून घेतलं. मग कोपऱ्यावरची मोटार लागली, तीन झाले. अण्णांनी वरून हाक मारली, "काय करू रे?" मी काही बोललो नाही. त्यांनी बटण दाबलं, आणि मग मीही माझं.